‘पूल सुरक्षित आहे’: एका शेऱ्याचा इतिहास

प्रभादेवी स्टेशनबाहेरचा एल्फिन्स्टन पूल 12 सप्टेंबर 2025 च्या रात्री वाहतुकीसाठी बंद झाला आणि मग पाडायला घेतला. 1913 चा हा पूल परळ आणि प्रभादेवी जोडायचा. त्याच्या जागी शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी दुमजली पूल होतोय. तो बंद झाला तेव्हा मला आठवण झाली ती नऊ वर्षांपूर्वीच्या, इथून पावणेदोनशे किलोमीटरवर पडलेल्या दुसऱ्या एका पुलाची. तोही ब्रिटिशकालीनच. एक पूल माणसांनी ठरवून, यंत्रं लावून उतरवला. दुसरा नदीने एका रात्रीत नेला, माणसांसकट.

दोन्ही पुलांच्या कागदांत एक प्रश्न सारखाच आहे. पूल धड आहे की नाही, हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि कोणत्या शब्दांत लिहून ठेवतं? हा प्रश्न इंजिनिअरिंगचा वाटतो. माझ्या मते तो तेवढाच इतिहासाचाही आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो इथे मांडतोय, कारण सरकारी कागद वाचताना जी चूक मी सुरुवातीला केली, ती तुम्हीही करण्याची शक्यता आहे.

महाड, 2 ऑगस्ट 2016

मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर शेजारीशेजारी दोन पूल होते. नवा एका दिशेच्या वाहतुकीला आणि जुना दगडी कमानींचा पूल दुसऱ्या दिशेच्या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि थोड्याच अंतरात हजारभर मीटर खाली उतरते. तिकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस लागला की महाडला पाणी चढायला वेळ लागत नाही. 2 ऑगस्टच्या रात्री नदी दुथडी भरून वाहत होती आणि त्या अंधारात जुना पूल कोसळला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एसटी गाड्या, एक जयगडहून आणि एक राजापूरहून निघालेली, आणि एक प्रवासी मोटार थेट पाण्यात गेली. सुमारे 40 माणसं गेली. गाड्या शोधायला क्रेनला लोहचुंबक बांधून नदीत सोडावं लागलं आणि नौदलाचे पाणबुडे उतरवावे लागले, यावरून पाण्याचा जोर आणि गढूळपणा लक्षात येईल.

प्रभादेवी, परळ, लालबागच्या चाळींत ही बातमी ‘लांबची’ नव्हती. इथल्या निम्म्या घरांचं गाव कोकणात. तो रस्ता म्हणजे त्यांचा गणपतीला जायचा रस्ता, आणि गणपती महिनाभरावर आले होते.

नंतर सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीसाठी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला होता. म्हणजे ‘सुरक्षित’ या शेऱ्याचं आयुष्य जेमतेम तीन महिने.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. पाहणी झालीच नसेल, टेबलावर बसून शेरा मारला असेल. बरेच दिवस मी माझ्या टिपणवहीत तसंच धरून चाललो होतो. मग मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: “समज, पाहणी अगदी प्रामाणिकपणे झाली. मग त्या माणसाला मे महिन्यात काय दिसलं असतं?” या प्रश्नाने माझ्या प्रकरणाची दिशाच बदलली.

पूर आपला पुरावा पुसून जातो

मे महिन्यात कोकणातल्या नद्या आटलेल्या असतात. पाहणी करणारा माणूस कमानींना तडे आहेत का, दगडांमधला चुना निघालाय का, झाडं उगवलीत का, कठडे शाबूत आहेत का, हे बघतो. हे सगळं पाण्यावरचं. पण जगभर पुरात पूल पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पाण्याखाली असतं. त्याला इंजिनिअर ‘स्काउर’ म्हणतात. म्हणजे काय, तर वेगाने येणारं पाणी पुलाच्या खांबावर आदळतं, खाली वळतं, भोवरा करतं आणि खांबाच्या बुडाशी असलेली वाळू, गोटे उकरून नेतं. खांब आणि कमान ठणठणीत असते, पायाखालची जमीन मात्र गेलेली असते. दगडी कमानीच्या पुलाला हे जास्त घातक. कमानी एकमेकींच्या आधारावर उभ्या असतात, त्यामुळे एक खांब खचला की शेजारच्या कमानीही तग धरत नाहीत.

याची सगळ्यात गोम अशी की पुराचा जोर असतो तेव्हा खड्डा सगळ्यात खोल असतो, आणि पूर ओसरू लागला की पाण्याबरोबर आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. पाणी उतरल्यावर बघायला जाल तर तळ सपाट दिसतो. भरून आलेली ही वाळू भुसभुशीत असते, पुढच्या पुरात ती सहज निघून जाते. पण नजरेला ते कळत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. आपण नेहमी धरून चालतो की घटना मागे खुणा ठेवते आणि त्या खुणांवरून आपण घटना उभी करतो. इथे घटनाच आपल्या खुणा बुजवून जाते. त्यामुळे ‘पाहणी केली, दोष आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘दोष नव्हता’ असा घेता येत नाही. ‘ज्या पद्धतीने पाहिलं, त्या पद्धतीने दिसण्यासारखा दोष नव्हता’ एवढाच त्याचा अर्थ.

दोनने गुणा: हा आकडा आला कुठून?

मग पाया किती खोल न्यायचा, हे ठरवतात कसं? इथे आपल्याला पुण्याजवळ खडकवासल्याला जावं लागतं.

जेराल्ड लेसी हा ब्रिटिश इंजिनिअर उत्तर भारतातल्या कालव्यांवर काम करायचा. 1930 च्या सुमारास त्याने वाळू-गाळाच्या तळातून वाहणारं पाणी स्वतःची रुंदी आणि खोली कशी ठरवतं याची सूत्रं मांडली. भारतातल्या रस्ते-पुलांच्या संहितेत आजही त्याच वंशातलं सूत्र आहे: दर मीटर रुंदीतून जाणाऱ्या विसर्गाचा वर्ग घ्यायचा, त्याला तळाच्या मातीच्या ‘सिल्ट फॅक्टर’ने भागायचं, त्याचं घनमूळ काढून 1.34 ने गुणायचं. ही झाली पाण्याच्या पातळीपासून मोजलेली सरासरी उकराई. मधल्या खांबाजवळ ती दुप्पट धरायची, टोकाच्या आधाराजवळ 1.27 पट.

ही ‘दुप्पट’ कुठून आली? खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात, जे आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखलं जातं, क्लॉड इंग्लिस यांनी पुलांच्या प्रतिकृती करून प्रयोग केले आणि प्रत्यक्ष पुलांवरची मापंही जमवली. उत्तर भारतातल्या गाळाच्या नद्यांवरचे 17 पूल त्यात होते. खांबाजवळची खोली लेसीच्या खोलीच्या साधारण दुप्पट भरते, असा त्यातून नियम निघाला. त्या काळात तो मोठाच पल्ला होता, आणि आपल्या पुण्याजवळ तो गाठला गेला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण बघा, गंगा-यमुनेच्या मैदानातली नदी रुंद, संथ आणि बारीक वाळूची. सावित्री, काळ, वाशिष्ठी या नद्या आखूड, तीव्र उताराच्या आणि गोट्याधोंड्यांच्या. पाणी काही तासांत चढतं आणि काही तासांत उतरतं, खाली भरतीचा अडसर असला तर तुंबतंही. एका भूगोलात मोजलेला गुणक दुसऱ्या भूगोलात गेला की तो किती लागू पडतो, हा खरा संशोधनाचा विषय आहे. शिवाय सावित्रीचा जुना पूल बांधणाऱ्यांसमोर हे सूत्रच नव्हतं. त्यांनी अनुभवावर पाया घेतला आणि तो अनेक दशकं टिकला, हेही नोंदवायला हवं.

नियम कोसळलेल्या पुलांतून येतात

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण टिकलं. तडे मोजले गेले, भिंत नंतर मजबूत केली गेली. बरोबर चार दिवसांनी, 15 डिसेंबरला, अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि 46 माणसं मेली. त्याला ना भूकंप लागला ना पूर. लोखंडी साखळीच्या एका कडीत नजरेला न दिसणारी चीर होती. या दुर्घटनेनंतर 1971 मध्ये अमेरिकेने देशभरातल्या पुलांसाठी ठरावीक काळाने तपासणीचे नियम आणले.

त्या नियमांतही एक भोक राहिलं. 5 एप्रिल 1987 ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक या नदीवरचा पूल पुरात पडला आणि 10 जण गेले. या पुलाची तपासणी नियमित व्हायची, पण पाण्याखालची नाही. गोष्ट अशी की 1954 मध्ये सुरू झालेला हा पूल पुढच्याच वर्षी आलेल्या मोठ्या पुरात टिकला होता. टिकला म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण पायाभोवती टाकलेले संरक्षक दगड तेव्हापासून वाहून जात होते, आणि ते पुरेसे परत टाकले गेले नाहीत. म्हणजे 1955 च्या पुरानंतरचं नुकसान नीट मोजलं गेलं नाही, त्याची किंमत 1987 मध्ये मोजली गेली. त्यानंतर कुठे पाण्याखालची तपासणी बंधनकारक झाली.

आपल्याकडचा क्रमही असाच आहे. महाडनंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर 2016 मध्ये, केंद्र सरकारने पुलांची देशव्यापी नोंद ठेवणारी प्रणाली सुरू केली आणि तिच्यात दीड लाखाहून अधिक पूल आणि मोऱ्या आल्या. सावित्रीवर नवा पूल 165 दिवसांत उभा राहून जून 2017 मध्ये खुला झाला. 3 जुलै 2018 ला भर पावसात अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला, तेव्हा मुंबईतल्या 445 पुलांची आयआयटी मुंबईच्या मदतीने तपासणी जाहीर झाली. आणि मार्च 2019 मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तोही ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीपुरता सदोष ठरलेला.

यातून अभिलेखागाराबद्दल एक धडा मिळतो. कागद जमतात ते पडलेल्या पुलांभोवती: चौकशी आयोग, साक्षी, अहवाल, विधिमंडळातले प्रश्न. जो पूल 1955 च्या स्कोहारीसारखा जखमी होऊन उभा राहिला, त्याची फाइल एका ओळीची असते. आपण फक्त जाड फायली वाचल्या, तर पूल अचानक पडतात असं वाटत राहतं. ते अचानक पडत नाहीत. त्यांच्या बारीक फायली आपण वाचलेल्या नसतात.

पंचनाम्यात काय मावतं?

आपल्याकडे आपत्तीनंतर नुकसान मोजायचा रोजचा शब्द म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, घर-गोठा-पीक बघतात, लिहितात. रस्ते-पुलांचं काम बांधकाम खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. तिथे हिशोब अंदाजपत्रकाच्या भाषेत होतो: किती किलोमीटर रस्ता खचला, किती मोऱ्या वाहिल्या, किती साकव गेले. मदतीचे निकषही त्याच मापाचे. 2015 ते 2020 या काळातल्या आपत्ती निधीच्या निकषांत खराब झालेल्या राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गांच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे 1 लाख आणि ग्रामीण रस्त्यांसाठी 60 हजार रुपये धरले होते.

जे माप असतं, तेच नुकसान कागदावर उमटतं. कोकणातल्या वाडीचा साकव गेला तर यादीत एक नग आणि काही लाखांचा अंदाज येतो. त्या साकवाअभावी पावसाळाभर मुलं शाळेत गेली नाहीत किंवा बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागलं, हे त्या यादीत येत नाही.

लॅटिन अमेरिकेत हा फरक फार पूर्वी लक्षात आला. 1972 च्या मानाग्वा भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या आर्थिक आयोगाने नुकसान मोजायची पद्धत बसवायला घेतली आणि 1991 मध्ये तिची पुस्तिका काढली. त्यात दोन खाती वेगळी केली आहेत. पहिल्यात मोडलेल्या वस्तूची किंमत, दुसऱ्यात ती वस्तू नसल्यामुळे पुढे रोज होत राहणारा तोटा. पहिलं खातं एका दिवसात बंद होतं, दुसरं पूल पुन्हा होईपर्यंत चालू राहतं.

हे समजायला प्रभादेवीत उभं राहणं पुरे. एल्फिन्स्टन पूल बंद झाला तो योजनेने, आपत्तीने नाही. तरी दुसरं खातं लगेच उघडलं. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं रुळांच्या परळकडच्या बाजूला. प्रभादेवीच्या रुग्णवाहिकेला आता दादरच्या टिळक पुलाकडे किंवा करी रोडच्या पुलाकडे वळसा. वळशाची ती मिनिटं कुठल्याच अंदाजपत्रकात नाहीत. हाच पूल पुरात पडला असता तर पंचनाम्यात एक नग आला असता.

आणि याच स्टेशनात आठ वर्षांपूर्वी याहून कडू गोष्ट घडली होती. 29 सप्टेंबर 2017, सकाळी साडेदहाचा सुमार. अचानक पाऊस आला, लोक पादचारी पुलाच्या जिन्यात थांबले, मागून लोकलमधून उतरलेले लोक येत राहिले आणि चेंगराचेंगरी झाली. 23 माणसं गेली. ‘फूल पडलं’ हे कुणाला तरी ‘पूल पडला’ असं ऐकू आलं, असंही त्या वेळी सांगितलं गेलं. प्रत्यक्षात पूल पडला नव्हता. स्ट्रक्चरल भाषेत त्या दिवशी पुलाचं नुकसान शून्य. पण गिरण्या जाऊन तिथे ऑफिसांचे टॉवर आले, उतरणाऱ्यांची संख्या वाढत गेली, जिना मात्र होता तेवढाच राहिला. लोखंडाची ताकद मोजणाऱ्या तक्त्यात जिन्याची रुंदी हा दोषाचा रकानाच नसेल, तर तो जिना ‘सुरक्षित’च ठरणार.

पूल बळी की आरोपी?

एक उलटी बाजूही आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2006 मध्ये अहवाल दिला. तो वाचताना पूल वेगळ्याच भूमिकेत दिसतात. मिठीवरचे अपुरे पूल आणि अरुंद मोऱ्या पाणी अडवत होत्या. आपण ‘आपत्तीने पुलाचं नुकसान’ असं वाक्य घेऊन निघालो तर ‘पुलाने वाढवलेली आपत्ती’ आपल्या चौकटीबाहेर राहते. विषयाचं शीर्षक लिहितानाच कर्ता आणि कर्म ठरून जातात, म्हणून शीर्षक ठरवायची घाई करू नका.

संशोधनाला बसण्यापूर्वी

पेट परीक्षेच्या किंवा प्रस्तावाच्या तयारीत असाल, तर या सगळ्यातून हाताशी ठेवण्यासारखं एवढंच. कुठलाही पाहणी अहवाल हातात आला की आधी तारीख बघा, आणि तो महिना नदीचा कुठला हंगाम होता हे तपासा. मग बघा, पाहणारा कुठे उभा होता: पुलावर, पुलाखाली की पाण्यात. मग छापील तक्त्याचे रकाने वाचा. भरलेला मजकूर नंतर. कारण जो रकाना नाही, त्याबद्दलचं मौन हे त्या अधिकाऱ्याचं नसतं, तक्ता आखणाऱ्याचं असतं. आणि शेवटी, अहवालात एखादा गुणक किंवा दर आला, तर तो कुठल्या जागी, कुठल्या काळात मोजला होता याचा माग काढा. सावित्रीवरून निघून मी खडकवासल्याला पोचलो तो असाच.

आज ड्रोन आहेत, पुरात ढगांआडूनही जमीन टिपणारे रडार उपग्रह आहेत, तळ मोजणारे सोनार आहेत. कुठला रस्ता तुटला हे काही तासांत कळू शकतं. ही फार मोठी सोय आहे, मदत पोचवताना तर जीव वाचवणारी. पण उपग्रहाला पुलाचा माथा दिसतो, बूड दिसत नाही. पुलाचा माथा जागेवर आहे म्हणून नकाशावर तो हिरवा दाखवला गेला, तर आपण मे 2016 च्या शेऱ्यापाशीच परत आलो, फक्त जास्त उंचीवरून.

माझ्या टिपणवहीतलं ‘पाहणी झालीच नसेल’ हे वाक्य मी खोडलं नाही. त्याच्या खाली दुसरं लिहिलं: ‘पाहणी झाली असेल, तर तिला काय दिसू शकत होतं?’ जबाबदारी कुणाची हा प्रश्न यामुळे संपत नाही. उलट तो एका माणसाच्या सहीवरून उठून तक्ता आखणाऱ्यांपर्यंत, तरतूद मंजूर करणाऱ्यांपर्यंत आणि पूल पार झाला की विसरणाऱ्या आपल्यापर्यंत येतो. त्या दोन एसटींमधली माणसं मुंबईला यायला निघाली होती. त्यांच्या बाजूने प्रश्न विचारायचा, तर तो पूल पडायच्या आधीच्या बारीक फायलींपासून विचारावा लागेल.